या कानाचं त्या कानाला

माणसाला जडणाऱ्या छंदांचे मला दोनच प्रकार दिसतात. एक घरातल्यांना छळणारे आणि दुसरे शेजाऱ्यांना छळणारे. काड्यापेट्यांचे छाप जमवणं, गच्चीत दुधी वाढवणं, शब्दकोडं सोडवताना 'पाच अक्षरी नदी सांग गं' म्हणत स्वयंपाकघरात दर दोन मिनिटांनी डोकावणं, हे पहिल्या जातीचे. गाणं, पेटी, तबला, क्लॅरिनेट हे दुसऱ्या जातीचे. या दुसऱ्या जातीला आपल्याकडे कला म्हणतात.

आमच्या चाळीत कला फार होती. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ पहाटे पाचला भूप आळवायला बसत. वरचा सा लावताना त्यांना नेमका खोकला येई. वर्षानुवर्षं ऐकून तो भूप त्या खोकल्यासकट अख्ख्या चाळीला पाठ झाला होता. त्यांच्याच मुलीच्या लग्नात सनईवाल्याने भूप धरला, तेव्हा 'छान वाजवतो, पण खोकला गाळला' असं आमच्या काकू म्हणाल्याचं मला आठवतं. पण तक्रार कोणी करत नसे. रियाज करणारा आपल्याला पिडतो आहे ही भावनाच नव्हती. तो आपल्या सर्वांच्या वतीने शिकतो आहे असं काहीसं होतं.

आता आम्ही चाळीतून सोसायटीत आलो आहोत. इथे भिंती चाळीहून पातळ आहेत आणि माणसंही. अशा ठिकाणी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मी इलेक्ट्रिक गिटार शिकतो आहे असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी काळजी उमटते. मग तो हळूच आमच्या सोसायटीचं नाव विचारतो आणि आपण त्या बाजूला राहत नाही याची खात्री पटली की तोंडभरून अभिनंदन करतो. त्याच्या डोळ्यांसमोर कपाटाएवढे स्पीकर, केस झटकणारी पोरं आणि शेवटी पोलिसांची गाडी असं सगळं उभं राहिलेलं असतं. वास्तविक, माझ्या गिटारचा एकही सूर आजवर शेजारी गेलेला नाही. तसा तो माझ्याच घरातसुद्धा पोचत नसे.

ही किमया कशी होते ते सांगतो. साध्या गिटारच्या पोटात पोकळी असते. तारेचा आवाज तिथे घुमतो आणि मोठा होऊन बाहेर येतो. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे भरीव लाकडाचा पाट. तिच्या तारांखाली लोहचुंबक बसवलेले असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की त्या वेढ्यांत चिमूटभर वीज तयार होते. मायकेल फॅरेडेने हे तत्त्व १८३१ साली शोधलं. आम्हाला ते शाळेत 'आकृती काढून स्पष्ट करा' या स्वरूपात होतं. त्याचा आयुष्यात याहून बरा उपयोग असू शकेल असं मास्तरांनी कधी सुचवलं नाही. तर ही वीज एका डबीत जाते. डबी आपल्या चुन्याच्या डबीहून जरा मोठी, ती गिटारच्या भोकातच खोचायची. तिथून वायरीने आवाज हेडफोनमध्ये. त्याच डबीला आणखी एक भोक असतं, त्यात मोबाइल जोडला की त्यातलं रेकॉर्ड केलेलं गाणंही त्याच हेडफोनमध्ये येतं. मग मी आणि गाणं, दोघंच. जे काय होतं ते या कानाचं त्या कानाला. तिसऱ्या कानाचा संबंध नाही.

गंमत म्हणजे हे वाद्य जन्माला आलं ते मुळात आवाज वाढावा म्हणून. अमेरिकेत नाचगाण्याचे मोठाले बँड निघाले, त्यात कर्णे, सॅक्सोफोन, ड्रम. गिटारवाला जीव तोडून वाजवायचा आणि ऐकू कोणालाच जायचं नाही. लग्नाच्या वरातीत खुळखुळेवाल्याची असते तशी त्याची गत. मग १९३२ साली रिकनबॅकर यांच्या कारखान्यातून विजेवर चालणारी गिटार विक्रीला आली. गोल अंग आणि लांब दांडा; लोकांनी तिला 'फ्राइंग पॅन'च म्हणायला सुरुवात केली. पुढे लिओ फेंडर नावाच्या रेडिओ-दुरुस्तीवाल्याने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर काढली, जिच्या नकला आज जगभर माळ्यांवर धूळ खात असतात. या फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

म्हणजे बघा, एवढी खटपट करून माणसाने गिटारचा आवाज मैदानभर पोचवला. आणि पोचल्यावर पुन्हा तो कानात कोंडण्याच्या उद्योगाला लागला. आमच्या पंथाचा मूळपुरुष म्हणजे टॉम शोल्झ. एम.आय.टी.मधून इंजिनिअर झालेला आणि पोलरॉइडमध्ये नोकरीला असलेला हा गृहस्थ घराच्या तळघरात बसून गाणी रेकॉर्ड करत असे. त्यातून त्याच्या 'बोस्टन' या बँडची पहिली रेकॉर्ड १९७६ साली निघाली आणि प्रचंड खपली. खरं म्हणजे त्यानंतर त्याने कुठेही, कितीही मोठ्याने वाजवलं असतं तरी चाललं असतं. पण याने १९८२ साली काय काढलं, तर कमरेच्या पट्ट्याला अडकवायची 'रॉकमन' नावाची डबी आणि हेडफोन! तळघरात वाढलेल्या माणसाला शेजाऱ्यांची जाणीव जन्मभर राहते.

माझ्याकडे गिटार आली ती वारसाहक्काने, फक्त उलट दिशेने. आमच्या चिरंजीवांनी इंजिनिअरिंगला असताना ती घेतली, चार वर्षांत तिच्यावर एकच गाणं अर्धं बसवलं आणि नोकरीसाठी जर्मनीला जाताना ती माळ्यावर आजीच्या तांब्याच्या बंबाशेजारी ठेवून दिली. बापाचा कोट मुलाने अल्टर करून घालायचा हे आम्ही पाहिलं होतं. मुलाची गिटार बापाने गळ्यात अडकवायची हे नवीन. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी माळा आवरायला काढला, आणि बंब अजून माळ्यावरच आहे.

आता घरच्यांच्या बाजूने पाहू. माझ्या कानात ड्रम धडाडत असतात, बेस घुमत असतो, आणि मधे माझी गिटार कधी गाण्याच्या पुढे तर कधी मागे धावत असते. बाहेर मात्र फक्त टिक् टिक् टिक् असा आवाज. भरीव लाकडावर तारा छेडल्या की एवढंच ऐकू येतं. आमच्या हिने पहिल्या संध्याकाळी धान्याच्या कोठीमागे उंदराचा सापळा लावला. दुसऱ्या दिवशी खुलासा झाल्यावरही तिने तो काढला नाही. 'असू दे, कुणीतरी सापडेल' म्हणाली.

शिवाय हेडफोन लावलेला माणूस आपल्या नकळत गुणगुणतो. स्वतःचा आवाज स्वतःला येत नसल्याने ते गुणगुणणं हळूहळू गाणं होतं आणि गाण्याचं आणखी काहीतरी होतं. गिटार ऐकू येत नाही, ड्रम ऐकू येत नाहीत. ऐकू येतो तो फक्त एक निवृत्त बँक अधिकारी, डोळे मिटून, मधूनमधून 'हा... हां... लाला' असं ओरडणारा. 'वाजवा हवं तितकं,' ही म्हणाली, 'पण मोठ्याने सुख भोगू नका.'

हाक मारून उपयोग नाही म्हटल्यावर तिने एक खुणांची पद्धत बसवली. ट्यूबलाइट एकदा उघडझाप म्हणजे चहा. दोनदा म्हणजे जेवायला या. तीनदा म्हणजे दाराशी कोणीतरी आलंय, आधी शर्ट घाला. दिवा विझून तसाच राहिला, तर मात्र समजायचं की महावितरण, हिचा काही संबंध नाही.

आता रेकॉर्डबरोबर वाजवण्याबद्दल. साथ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे माणूस येतो. तबलजी कसाही असो, गवई समेला चुकला तर तो एखादा बोल इकडचा तिकडे करून सांभाळून घेतो, वर हसतो, 'क्या बात है' म्हणतो. रेकॉर्ड असलं काही करत नाही. ती आपली डोंबिवलीहून निघालेल्या फास्ट लोकलसारखी. तुमचा पाय फलाटावर आहे की पायरीवर याची तिला चौकशी नाही. तुम्ही आत शिरलात तर तुमचं नशीब, नाहीतर पुढची चारच मिनिटांनी. त्यातून रेकॉर्डमधले वादक कधीही चुकत नाहीत. हजारदा लावा, हजारदा बरोबर. असल्या माणसांत दीर्घकाळ राहणं प्रकृतीला बरं नाही.

बरं, शर्यतीत धावायला जमिनीवर उभं तरी राहू द्यावं! नवी गाणी ठरलेल्या पट्टीत असतात: ए, म्हणजे आपली पांढरी सहा, सेकंदाला ४४० कंपनांची. जुन्या गाण्यांचं तसं नाही. तेव्हा रेकॉर्डिंगची टेप कुठे किंचित जलद फिरे, कुठे किंचित हळू, त्यामुळे एखादं गाणं नेमकं काळी चार आणि पांढरी सहा यांच्या फटीत जाऊन बसलेलं असतं. त्या फटीत पेटीवाल्याने काय करावं? गिटारवाला निदान सहा खुंट्या पिळून तिथपर्यंत जाऊ शकतो. एका गाण्यासाठी पिळायच्या, दुसऱ्यासाठी परत सोडायच्या. माझा निम्मा रियाज हा खुंट्या पिळण्याचा आहे आणि त्यात माझा हात बराच तयार झाला आहे.

हल्ली एक सोय मात्र आहे. मोबाइलवर गाण्याची लय अर्धी करता येते आणि सूर तसाच राहतो. पूर्वीचे लोक ३३ फेऱ्यांची तबकडी १६वर लावून बोटं शोधत. लय निम्मी व्हायची, पण सूरही बरोबर एक सप्तक खाली जायचा आणि बाई बुवांसारख्या गायला लागायच्या. मी शॅडोज या इंग्रजी बँडचं १९६० सालचं 'अपाची' असंच अर्ध्या लयीत बसवलं. मूळ तुकडा घोडदौडीचा आहे. अर्ध्या लयीत तो घोडा गावच्या यात्रेहून परतताना दिसतो. पण त्याच्या बरोबरीने चालता येतं हे खरं.

एक इशारा देऊन ठेवतो: बिनवायरीचे साधे हेडफोन यासाठी घेऊ नका. चिरंजीवांनी ते मोठ्या कौतुकाने पाठवले होते. त्यात आवाज कानापर्यंत यायला सुमारे एक पंचमांश सेकंद उशीर होतो. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण हवेतून आवाज तेवढ्या वेळात ६८ मीटर जातो. म्हणजे मी तार छेडायची इथे दिवाणखान्यात आणि ऐकायची ती फाटकाजवळच्या वॉचमनच्या केबिनमधून आल्यासारखी. आपलंच बोट आपल्याला नंतर कळतं. सरकारी कामकाजाची सवय असलेल्या माणसाला हे जमेलही, मला जमलं नाही. वायरच हवी, पायात अडकणारी, जुनी, विश्वासू वायर.

आता आमच्या आप्पांविषयी सांगायला हवं. आप्पांचं वय अठ्ठ्याऐंशी. पोस्टातून निवृत्त. भजनी मंडळात त्यांनी तीस वर्षं तबला वाजवला. १९८० साली 'कर्ज' आला तेव्हा मी दहावीत होतो. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं संगीत, आणि 'एक हसीना थी' या गाण्यातली ती गिटार, प्यारेलालजींचे बंधू गोरख शर्मा यांनी वाजवलेली. ती ऐकून त्या वर्षी चाळीतली सगळी मुलं हातात केरसुणी घेऊन आरशासमोर उभी राहत असत. गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा यायचा, त्यात कडेला उभा असलेला बेलबॉटमवाला गिटारिस्ट हा आमच्या दृष्टीने गणपतीच्या खालोखाल होता. मी आप्पांकडे गिटारचा विषय काढला.

आप्पा संगीताच्या विरुद्ध नव्हते. गिटारच्याही नव्हते. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या मोकळ्या जागेत हजारा सिंग किंवा व्हॅन शिपले यांची गिटार लागली, की ते दाढी अर्धी टाकून ऐकत. पण ती हवाईयन गिटार. 'ती बसून वाजवतात,' आप्पा म्हणाले. 'मांडीवर आडवी घेऊन, खाली मान घालून. त्यात वाद्याचा मान आहे. उभ्याने करायच्या गोष्टी दोनच, आरती आणि लोकलचा प्रवास.' तरी नाही असं ते म्हणाले नाहीत. 'दहावी होऊ दे' म्हणाले. दहावी झाली, तेव्हा बारावी होऊ दे. मग पदवी. मग बँकेची परीक्षा. मग बहिणीचं लग्न होतं, तेव्हा मी विचारलंही नाही.

गेली सहा-सात वर्षं आप्पांना ऐकू येत नाही. म्हातारपणी कान जातो तो सगळा एकदम जात नाही, वरून खाली येतो. उंच कंपनं आधी हरवतात आणि त्यांच्याबरोबर स, श, फ, थ ही अक्षरं. त्यामुळे आपण बोलतो आहोत हे त्यांना ऐकू येतं, काय बोलतो आहोत ते कळत नाही. 'फणस आणलाय' म्हटलं की ते दाराकडे बघून 'कोण आलाय?' म्हणतात. श्रवणयंत्र आहे. ते लावलं की बोलणं जरा उमगतं, पण गाणं पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखं येतं असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी यंत्र डबीत ठेवलं आणि रेडिओ कपाटात. तक्रार नाही, चर्चा नाही. रोज सकाळी सातला ज्या माणसाची बोटं कशावर ना कशावर केरवा धरायची, त्यांची बोटं आता शालीच्या काठाशी चाळा करत बसतात. घरात गाणं बंद झालं याची कोणी नोंदसुद्धा घेतली नाही. मी घेतली होती. पण त्यावर करायचं काय ते कळत नव्हतं.

माझा रियाज त्यांच्या आरामखुर्चीसमोरच चाले. हिला निदान टिक् टिक् ऐकू येई, आप्पांना तेवढंही नाही. त्यांच्या लेखी रोज संध्याकाळी मुलगा कानाला काहीतरी बांधून एक लाकूड मांडीवर घेऊन बसे आणि त्यावरून बोटं फिरवी. एकदा भेटायला आलेल्या त्यांच्या मित्रांनी माझी चौकशी केली, तेव्हा आप्पा म्हणाले, 'बरा आहे. हल्ली संध्याकाळी गिटार पुसतो.'

मग एका संध्याकाळी त्यांनी खुर्चीतूनच बोटाने खूण केली. 'बघू.' मी गिटार पुढे केली. त्यांनी ती हाताने बाजूला सारली आणि स्वतःच्या कानांकडे बोट दाखवलं.

हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. आवाजाची कळ हळूहळू वाढवत नेली, ते 'बास' म्हणेपर्यंत. गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला ८२ कंपनांची आणि शेवटच्या पट्टीवरचा सूर बाराशे-तेराशेच्या आसपास. म्हणजे आप्पांच्या कानात जी खोली अजून उघडी होती, तिच्यात हे वाद्य अंग चोरून का होईना मावत होतं. हे मी नंतर हिशेब करून काढलं. त्या वेळी मी मोबाइलवर 'एक हसीना थी' लावलं आणि वाजवायला लागलो.

आता अडचण अशी की हेडफोन त्यांच्या डोक्यावर, त्यामुळे गाणं मला ऐकू येईना. मला फक्त टिक् टिक्. हिला इतके दिवस काय ऐकावं लागत होतं ते मला प्रथमच कळलं. गाणं कुठे पोचलंय, मुखडा आला की गेला, काही पत्ता नाही. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. आणि उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर पडायला लागली होती. प्रथम नुसती तर्जनी, मग चारही. मी त्या बोटांकडे बघत वाजवत गेलो. सम दिसत होती, काल दिसत होता. रेकॉर्डने माझ्यासाठी कधी केलं नव्हतं ते आप्पा करत होते, मी मागे राहिलो की बोट किंचित अधांतरी थांबवत होते.

गाणं संपलं. हेडफोन न काढताच आप्पा म्हणाले, म्हणजे ओरडले, 'मागे पडतोस! आणि अंतऱ्यानंतर घाई करतोस!' मग बराच वेळ काही बोलले नाहीत. पुन्हा म्हणाले, 'बोटं जड झाली आहेत तुझी. तेव्हाच शिकायची होतीस. कोणी अडवलं होतं?'

मी काही बोललो नाही. बोललो असतो तरी हेडफोन त्यांच्याच कानावर होता.

दुसऱ्या दिवशी मी लॅमिंग्टन रोडला जाऊन साठ रुपयांत एकाचे दोन करणारी पिन आणली. या बाबतीत जपानी लोक आपल्या पुढे होते हे कबूल केलं पाहिजे. सोनीचा पहिला वॉकमन १९७९ साली निघाला, त्याला हेडफोनची भोकं दोन होती. कंपनीचे अकिओ मोरिता यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की त्यांनी घरी ते यंत्र लावून पाहिलं तेव्हा बायको वैतागली, आपल्याला वाळीत टाकलंय असं तिला वाटलं. म्हणून दुसरं भोक. जगातल्या बऱ्याच सुधारणा अशा कोणीतरी वैतागल्यामुळे झाल्या आहेत.

आता रोज सहा ते साडेसहा आमची बैठक असते. आप्पांच्या फर्माइशी सुरू झाल्या आहेत. 'अपाची' त्यांना पसंत पडलं. त्यातल्या ड्रमच्या हाताला त्यांनी 'मुलगा तयारीचा आहे' असा दाखला दिला. पण खरी पंचाईत झाली ती त्यांनी बालगंधर्व लाव म्हटलं तेव्हा. तीन-सव्वातीन मिनिटांच्या त्या ७८च्या तबकड्या, आता मोबाइलमध्ये. ज्या गंधर्व कंपनीत थिरकवाँसाहेबांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी होती, तिथे साथीला ठाण्याहून एक इलेक्ट्रिक गिटार! तार आडवी ओढून सूर-दीड सूर मींड घेता येते, त्यावर मी कसाबसा निभावतो. पण नारायणराव एका स्वरावरून दुसऱ्यावर ज्या वाटेने जातात तिथे माझ्या गिटारच्या पट्ट्या म्हणजे गुळगुळीत फरशीवर टाकलेले रेल्वेचे स्लीपर. आप्पा ऐकतात आणि मधूनच हात वर करतात. याचा अर्थ, तू थांब, त्यांना गाऊ दे. मी थांबतो. साथीदाराला थांबणं यावं लागतं असं ते म्हणतात, आणि माझी त्यातली प्रगती त्यांना समाधानकारक वाटते.

हिने महिनाभर हे पाहिलं. मग एक दिवस ट्यूबलाइट चार वेळा उघडझाप झाली. हे कोष्टकात नव्हतं. मी हेडफोन काढला. ही कमरेवर हात ठेवून उभी. 'चार म्हणजे काय?' मी विचारलं. 'चार म्हणजे मला पण,' ती म्हणाली.

पिनेला पिन जोडून पाहिली, तर डबीचा जीव तो केवढा. तिघांत वाटून आवाज इतका खाली गेला की आप्पांनी 'आज कार्यक्रम नाही का?' असं विचारलं. आप्पांना मोठा हवा, हिला बारीक हवा, आणि मला माझा स्वतःचा कमीत कमी हवा. शेवटी चिरंजीवांनी जर्मनीहून ऑर्डर करून एक चार भोकांचं यंत्र पाठवलं, दर भोकाला स्वतंत्र कळ. चौथं भोक तो दिवाळीत आल्यावर वापरणार आहे म्हणे. अर्धं राहिलेलं गाणं त्याला आठवतंय की नाही ते पाहू.

परवा संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याच्या बिलासंबंधी आले. दार लोटलेलंच होतं. आत येऊन पाहतात तो खोलीत पूर्ण शांतता. आरामखुर्चीत डोळे मिटून आप्पा, खाली चटईवर मेथी निवडत ही, कोचाच्या कडेवर मी, तिघांच्याही डोक्याला वायरी, त्या सगळ्या एका पेटीला जोडलेल्या, आणि मधे फक्त टिक् टिक् टिक्. पाचेक सेकंद ते तसेच उभे राहिले. सलाइन लावलेल्या माणसाजवळ बोलतात तशा आवाजात मग त्यांनी विचारलं, 'काय... काय चाललंय?'

मला किंवा हिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण आप्पांनी नेमका त्याच वेळी डोळा उघडला, हललेले ओठ पाहिले आणि तिसऱ्या मजल्यापासून फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात गरजले:

'हळू बोला! कार्यक्रम चालू आहे!'